निकालाची तारीख : मुंबई विद्यापीठ, उन्हाळा २०१७

विद्यापीठांतल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात ‘ऑथेंटिक लीडरशिप’ हा विषय माझ्या गळ्यात पडला, तेव्हा पहिल्या दोन वर्गांत मी सपशेल आपटलो. विषयच असा, की बोलणाऱ्याला चढतो आणि ऐकणाऱ्याला पेंग येते. स्वतःशी खरे राहा, मूल्ये जपा, पारदर्शी व्हा! समोर बसलेले सहायक कुलसचिव, कक्ष अधिकारी, अधीक्षक माना डोलवत होते आणि टेबलाखाली मोबाइलवर महागाई भत्त्याचा जीआर आला का ते बघत होते. त्यांचं काही चुकत नव्हतं. तिसऱ्या वर्गात मी स्लाइड बंद केल्या आणि फळ्यावर एक तारीख लिहिली : ३१ जुलै २०१७. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी लगेच मान वर केली. “मुंबईचे निकाल ना, सर?”

तेव्हापासून मुंबईच्या रखडलेल्या निकालांचं हे एकच प्रकरण घेतो. मी मुंबई विद्यापीठातला नाही आणि त्या उन्हाळ्यात तिथे नव्हतो. जे वर्तमानपत्रांत आलं, न्यायालयात मांडलं गेलं, राजभवनातून जाहीर झालं, तेवढंच माझं भांडवल. परीक्षा विभागाच्या आसपास आयुष्य काढलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

शब्दाबद्दल आधी सांगून टाकतो. ‘प्रामाणिक नेतृत्व’ म्हटलं की लोकांना पैसे न खाणारा साहेब आठवतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणून मी ‘अस्सल’ म्हणतो. पेटीवर देवगड छापलेलं असतं, आत गवतही तसंच असतं, वासही बरा येतो. खरं काय ते आंबा कापल्यावर कळतं. या प्रकरणात आंबा कापला तो तारखांनी.

काय घडलं

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ चं. २०१७ मध्ये त्याला १६० वर्षं पूर्ण होत होती. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढा त्याचा पसारा. डहाणूच्या कॉलेजातला पोरगा आणि बांद्याची पोरगी एकाच परीक्षेला बसतात आणि दोघांचाही निकाल कालिन्याच्या परीक्षा भवनातून लागतो. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांसाठी कुलगुरूंनी ठरवलं, की सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका यापुढे संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. सुमारे साडेसतरा लाख उत्तरपत्रिका. चारशेहून अधिक परीक्षा. काम करणाऱ्या कंपनीची निवड होऊन कंत्राट दिलं गेलं ते एप्रिल संपता संपता. परीक्षा मार्चमध्येच सुरू झाल्या होत्या. म्हणजे मुलांनी लिहून दिलेल्या उत्तरपत्रिका गठ्ठ्यांत बांधून पडल्या होत्या आणि त्या स्कॅन कोण करणार हे अजून ठरायचं होतं.

पडद्यावर तपासणं म्हणजे काय ते जवळून बघितलं पाहिजे, नाहीतर हे नुसतं ‘तंत्रज्ञान फसलं’ असं वाटतं. उत्तरपत्रिका म्हणजे बांधलेली वही. स्कॅन करायची तर आधी तिची शिवण कापावी लागते. सुटी झालेली पानं यंत्रातून जातात, बारकोडवरून ती कुणाची हे यंत्राला कळतं आणि सगळी वही प्रतिमा होऊन सर्व्हरवर चढते. परीक्षक आपल्या केंद्रावर लॉगिन करतो, समोर वही उघडते, तो प्रश्नागणिक गुण टाकतो, बेरीज संगणक करतो. विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक नाही, कॉलेज नाही, काही दिसत नाही. बेरजेच्या चुका संपतात. गुणांची खाडाखोड करता येत नाही. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आला तर गोदामात वही शोधत बसावं लागत नाही. ज्यांनी कॅप केंद्रावर, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र आणून तपासायच्या केंद्रावर, मे महिन्याच्या उकाड्यात पंखा बंद ठेवून गठ्ठे सोडले-बांधले आहेत (पंखा लावला की पानं उडतात), त्यांना ही कल्पना पटायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कल्पना चांगलीच होती. तिचं पुढे काय झालं त्यासाठी तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

पण शिवण कापताना पुरवणी मूळ वहीपासून सुटली, तर ती पोरकी. पान उलटं गेलं, एखादं दुसऱ्याला चिकटून गेलं, बारकोड नीट वाचला गेला नाही, तर ती वही असून नसल्यासारखी. सर्व्हर अडकला की केंद्रावर बसलेले पन्नास प्राध्यापक चहा पीत बसणार. आणि ज्या प्राध्यापकाने तीस वर्षं लाल पेनाने तपासलं, त्याला उंदीर धरायला शिकवायचं तर एक दुपार पुरत नाही. यातलं सगळं त्या उन्हाळ्यात झालं. हजारो मुलांचे निकाल ‘राखीव’ म्हणून अडकले. काही उत्तरपत्रिका शेवटपर्यंत सापडल्या नाहीत आणि त्या मुलांना सरासरीने गुण द्यावे लागले.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे जायचं नाही. जून सरला तरी मोठ्या शाखांचे निकाल नव्हते. ४ जुलैला कुलपती म्हणून राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी कुलगुरूंना बोलावून ३१ जुलैपर्यंत सगळे निकाल लावायला सांगितलं. मग धावपळ सुरू झाली. कॉलेजांमधले तास थांबवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं. नागपूरसारख्या दुसऱ्या विद्यापीठांतल्या परीक्षकांची मदत घेतली गेली. ३१ जुलै आली आणि गेली. ९ ऑगस्टला कुलगुरू रजेवर गेले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे मुंबईचा अतिरिक्त कार्यभार आला. त्यानंतरही तारखा घसरतच राहिल्या. १५ ऑगस्ट झाला, २५ ला गणपती बसले, २९ ला मुंबई पावसात बुडाली, ५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीला बाप्पाही गेले. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर निम्म्यावर आला होता. २४ ऑक्टोबरला कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं.

एवढी हकिकत सांगितली की वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं, “म्हणजे कुलगुरूच चुकले.” मी म्हणतो, थांबा. ते झालंच आहे, त्यावर कुलपतींचा आदेशही आहे. आपण खालून वर बघू या.

हिशोब

खडू हातात देऊन एकाला फळ्यापाशी उभं करतो. साडेसतरा लाख भागिले ४५. रोजच्या जवळजवळ ३९ हजार उत्तरपत्रिका, रविवार-सुट्टी न धरता. एका परीक्षकाने पडद्यावर दिवसाला ३५ तपासल्या असं धरू, ते नव्या माणसाला जमलं तर खूप झालं. म्हणजे दररोज अकराशेहून जास्त परीक्षक खुर्चीत बसलेले हवेत. मे महिन्यात. कॉलेजांना सुट्टी लागलेली, निम्मे प्राध्यापक गावी, कोकणातल्यांना आंब्या-काजूचं बघायचंय. आता स्कॅनिंग. एका वहीची पुरवणीसकट ३२ पानं धरली तर साडेपाच कोटींच्या वर पानं यंत्रातून जायची. ती जाईपर्यंत परीक्षक आला तरी त्याच्यापुढे तपासायला काही नाही.

परीक्षा एका दिवशी संपत नाहीत, शाखेगणिक मुदत वेगळी मोजली जाते, हे मला मान्य आहे. पण परिमाण कळायला हा हिशोब बास आहे. आणि मुद्दा असा, की हा हिशोब ज्याला येत नाही असा माणूस कुठल्याच परीक्षा विभागात नोकरीला नसतो. किती गठ्ठे, किती परीक्षक, किती दिवस, हेच तर तिथलं रोजचं गणित. वरिष्ठ लिपिकसुद्धा गठ्ठ्यांच्या रांगेकडे बघून सांगतो, “हे काही पंधरा तारखेच्या आत होत नाही.” त्याचं सहसा दोन दिवस इकडेतिकडे होतं.

तर मग तो आकडा एप्रिलच्या अखेरीस वर का पोचला नाही? की पोचला आणि कुणी ऐकला नाही? आतलं मला ठाऊक असल्याचा आव मी आणत नाही. पण आकडा खालून वर जाताना त्याचं काय होतं, ते मला माझ्या स्वतःच्या नोकरीमुळे नीट माहीत आहे. त्याकडे येतो.

चार कसोट्या आणि माझी अडचण

२००८ मध्ये वालुम्ब्वा, अव्होलिओ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्सल नेतृत्व मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात चार गोष्टी बघतात : माणसाला स्वतःची कितपत जाण आहे, तो इतरांशी किती उघडपणे वागतो, बाहेरून दबाव आला तरी आपल्या नीतीला धरून राहतो का, आणि निर्णयाआधी स्वतःच्या मताविरुद्धची माहिती नीट तोलतो का. या विषयावर जे काही छापलं जातं त्यात ही चौकडी येतेच, म्हणून सांगितली. पहिल्या तिन्हींवर मी वर्गात फार वेळ घालवत नाही. माणूस आतून कसा आहे हे मला कळत नाही, आणि त्याच्या हाताखालच्या माणसालाही कळतं असं मला वाटत नाही.

उलट या प्रकरणात माझी अडचण अशी आहे की कुलगुरूंचा त्या सुधारणेवर मनापासून विश्वास असावा. निदान तसं नव्हतं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. ते स्वतः प्राध्यापक होते, तपासणीतले घोळ त्यांना बाहेरून कळलेले नव्हते. मनापासून विश्वास, ठाम मूल्यं, आपल्या निर्णयामागे उभं राहणं : पुस्तकी व्याख्येतलं बरंचसं इथे बसतं. तरी मुलांच्या हातात निकाल नव्हता. म्हणजे मनाचा खरेपणा हे नेतृत्व अस्सल असल्याचं लक्षण धरलं, तर हे प्रकरण आपल्याला काहीच शिकवत नाही. मला वाटतं इथे चौथी गोष्ट बाकी तिन्हींना पुरून उरते. ज्याला आपला निर्णय मनापासून पटलेला असतो, त्यालाच विरोधातला आकडा ऐकू येणं सगळ्यांत अवघड जातं. न पटलेला माणूस निदान कागद वाचतो.

आणि ऐकायचं तर सांगणारा हवा, त्याला बसायला खुर्ची हवी. हे २०१७ च्या बाबतीत शब्दशः खरं आहे. नवा विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार जुनी प्राधिकरणं, म्हणजे विद्यापीठाचे निर्णय घेणारी मंडळं, जाऊन नवी यायची होती. पदवीधरांनी निवडून द्यायच्या अधिसभा (सिनेट) सदस्यांची निवडणूक मुंबईत झाली ती थेट मार्च २०१८ मध्ये. म्हणजे साडेसतरा लाख उत्तरपत्रिकांचा निर्णय ज्या महिन्यांत अमलात येत होता, त्या महिन्यांत ‘साहेब, हे जमणार नाही, आणि माझं हे म्हणणं इतिवृत्तात घ्या’ असं म्हणण्याची नेहमीची जागा पुरती भरलेली नव्हती. अधिसभेत लोक भांडतात, वेळ खातात, एकमेकांचे जुने हिशेब काढतात, ते सगळं मी पाहिलंय. पण तिथलं इतिवृत्त हा विरोधी आकडा नोंदवून ठेवायचा एक हक्काचा कागद असतो. तो नसला की आकडा फक्त फाइलीतून जाऊ शकतो. आणि फाइलीतून आकडा कसा जातो?

टिप्पणीचा प्रवास

खाली वरिष्ठ लिपिक लिहितो : ‘उपलब्ध परीक्षक २१०. आवश्यक ६००. विहित मुदतीत काम पूर्ण होणे शक्य नाही.’ फाइल अधीक्षकांकडे जाते. ते ‘शक्य नाही’ खोडून ‘अडचणीचे होईल असे वाटते’ करतात. कक्ष अधिकारी आकडे परिशिष्टात टाकतात आणि वर लिहितात, ‘अतिरिक्त परीक्षक उपलब्ध होणेबाबत कार्यवाही सुरू आहे.’ उपकुलसचिव सही करतात : ‘मुदतीत काम पूर्ण करण्याचे नियोजन आहे. अवलोकनार्थ सादर.’ चार सह्यांत ‘शक्य नाही’चं ‘नियोजन आहे’ झालं. कुणीही खोटं लिहिलेलं नाही. प्रत्येकाने जरासं मऊ केलं. ही टिप्पणी मुंबईची नव्हे. आकडेही मी समजावण्यापुरते घेतलेत. पण अशा टिप्पण्या मी स्वतः मऊ केल्या आहेत, सहीनिशी, आणि त्या वेळी मला आपण समंजसपणा करतोय असंच वाटलं होतं.

वर्गात ही टिप्पणी वाचून दाखवली की लोक हसतात. त्यातलं मधलं हसू, तोंड न उघडता येणारं, ते अधीक्षक आणि कक्ष अधिकाऱ्यांचं असतं. विद्यापीठातलं नेतृत्व म्हटलं की आपण कुलगुरूंचं दालन बघतो. पण कुलगुरू पाच वर्षांसाठी येतात. ‘अडचणीचे होईल असे वाटते’ लिहिणारा माणूस तीस वर्षं तिथेच असतो, आणि पुढच्या कुलगुरूंनाही त्याच्याच हातची टिप्पणी वाचायला मिळते.

वरून काय येतं? तारीख येते. ३१ जुलै ही तारीख कामाच्या हिशोबातून निघाली नव्हती, राजभवनातून आली होती. कुलपतींनी ती दिली हे समजण्यासारखं आहे, कायद्याची मुदत केव्हाच टळली होती. ४ जुलै ते ३१ जुलै म्हणजे २७ दिवस. विद्यापीठाच्या बाजूने त्या वेळी दोनच गोष्टी बोलण्यासारख्या होत्या : एक तर ‘हो’, नाहीतर ‘या शाखा ३१ ला, या १५ ऑगस्टला, आणि विधीचं मला आज सांगता येत नाही.’ दुसरं उत्तर देणारा माणूस त्या दिवशी बैठकीत फार वाईट दिसला असता. पण विधी शाखेतल्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी त्यावर आपली व्यवस्था लावली असती. तारीख ऐकून मुलं बसून राहत नाहीत, पुढचं काही बेततात. एलएल.एम.चा प्रवेश, परदेशी विद्यापीठाला पाठवायची गुणपत्रिका, नोकरीवर रुजू व्हायची तारीख, दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात भरायची फी. त्या वर्षी यातलं बरंच हुकलं आणि मुलं उच्च न्यायालयात गेली. ज्याला जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘सप्टेंबर’ असं सांगितलं असतं, त्याने शिव्या दिल्या असत्या आणि वर्ष वाया जाऊ नये म्हणून काहीतरी केलं असतं. ज्याला ‘३१ जुलै’ सांगितलं, तो वाट बघत राहिला.

नव्या माणसाने हे सगळं एका आठवड्यात सुधारलं असं झालं नाही, हेही नोंदवायला हवं. कोल्हापूर सांभाळून मुंबई बघणाऱ्या प्रभारी कुलगुरूंच्या काळातही मुदती पुढे गेल्या. एकदा शिवण कापलेली वही पुन्हा शिवता येत नाही. साहेब बदलला म्हणून पोरकी पुरवणी आपोआप मूळ वहीला जाऊन चिकटत नाही. आणि पडद्यावरची तपासणी बंद झाली नाही, पुढच्या परीक्षांनाही तीच पद्धत राहिली. म्हणजे यंत्र वाईट होतं हा बचावही कुणाला घेता येत नाही.

खिडकीवरचा फळा

आता एक लहानशी गोष्ट, मुंबईची नव्हे. नाव सांगत नाही त्या एका विद्यापीठात, मी कॅप समन्वयक असताना घडलेली. परीक्षा विभागाच्या चौकशी खिडकीवर एक अधीक्षक बाई बसायच्या. त्या वर्षी कला शाखेचा निकाल रखडला होता. वरून आलेली तारीख त्या मुलांना सांगत होत्या, तारीख जात होती, नवी येत होती. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “सर, माझ्या तोंडाला फेस आला हो. पोरं आता माझ्याकडे बघून हसतात.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अडगळीतला एक छोटा फळा काढला आणि सुतळीने खिडकीच्या गजाला बांधला. त्यावर खडूने लिहिलं : ‘अर्थशास्त्र पेपर ५. बाकी ८६४. आज झाले १२०. उद्या ५ वाजता पुन्हा लिहीन.’ तारीख नाहीच. मुलं येत, वाचत, मनातल्या मनात भागाकार करत, जात. खिडकीवरचा आरडाओरडा पुष्कळ कमी झाला. तिसऱ्या दिवशी फळ्यावर आलं : ‘आज झाले ०. परीक्षक आले नाहीत.’

त्यावरून मात्र भडका उडाला. एका प्राध्यापकांनी थेट वर फोन केला, की हा आमचा जाहीर अपमान आहे. उपकुलसचिव खाली उतरले. “बाई, घरचं असं वेशीवर टांगायचं नसतं.” बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, मग उद्यापासून खिडकीवर तुम्ही बसा. मी आत बसून तारीख सांगते.” साहेब काही न बोलता परत गेले. चौथ्या दिवशी चार परीक्षक हजर झाले, आणि त्यातल्या एकाने सांगितलं की त्याला आदेशपत्रच मिळालेलं नव्हतं. बाहेरून कुणीतरी फळ्याबद्दल सांगितलं म्हणून तो आला. आम्ही शोधलं, तर सगळी पत्रं जावक विभागात तिकिटं नसल्यामुळे पडून होती. दहा दिवस. ते शून्य फळ्यावर लिहिलं गेलं नसतं तर ती आणखी दहा दिवस तिथेच राहिली असती.

बाईंना हार-तुरे मिळाले नाहीत. आठव्या दिवशी तोंडी आदेशाने फळा उतरला. एका पालकांनी त्यांना सुनावलंही होतं, “ही नाटकं करण्यापेक्षा पेपर तपासा,” आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. फळ्यावरच्या आकड्यांवरून निघत होता त्यापेक्षा निकाल दोन दिवस उशिरा लागला. वर्षभराने त्यांची बदली ग्रंथालयात झाली. त्याचा फळ्याशी संबंध होता की नाही हे मी विचारलं नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये मुंबईतही रोजचे आकडे बाहेर येत होते, किती तपासले, किती राहिले. वर्तमानपत्रं ते छापत होती. पण आकड्याच्या शेजारी ३१ जुलैही तशीच उभी होती, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. वाचणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? बाईंच्या फळ्यावर हा पेच नव्हता. तारीख त्यांनी लिहिलीच नव्हती, आणि शून्य आलं तेव्हा त्याचं कारण लिहिलं होतं.

वर्गातला शेवटचा तास

शेवटच्या तासाला मी एक काम देतो. समजा एप्रिल २०१७ चा शेवटचा आठवडा आहे. तुम्ही परीक्षा विभागात उपकुलसचिव आहात. कंत्राट नुकतंच दिलं गेलंय, गठ्ठे येऊन पडलेत. अर्ध्या पानाची टिप्पणी लिहा, कुलगुरूंकडे जाणारी. आकडे फळ्यावर आहेतच.

पहिल्या खेपेला बहुतेकांच्या टिप्पण्या ‘तरी योग्य त्या आदेशास्तव सादर’ इथे संपतात. आदेश कशाचा हवा ते लिहिलेलं नसतं. मग मी म्हणतो, शेवटच्या ओळीत तुम्ही काय सुचवता ते लिहा. तेव्हा चांगलं चांगलं बाहेर येतं. यंदा एकच शाखा पडद्यावर घ्या, बाकीच्या लाल पेनाने. अंतिम वर्षाला हात लावू नका, पहिल्या वर्षापासून सुरुवात करा, म्हणजे उशीर झाला तरी कुणाचा प्रवेश बुडत नाही. विधीचे परीक्षक थोडे, त्यांची यादी आधी करा. एका तरुण कक्ष अधिकाऱ्याने तर ‘खालील आकडे पाहता ४५ दिवसांत निकाल लागणार नाही, तसे आजच जाहीर करावे’ असं लिहिलं होतं, आणि ‘नाही’खाली रेघ ओढली होती. ती रेघ ओढताना त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं.

त्या तिसऱ्या वर्गात त्याच्याच शेजारी एक गृहस्थ होते, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले अधीक्षक. ते उभे राहिले. “सर, हे सगळं ठीक आहे. पण ही टिप्पणी मी खरोखरच लिहिली, तर माझ्या गोपनीय अहवालात साहेब काय लिहितील?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार कसोट्यांत गोपनीय अहवालाची कसोटी नाही. मी काहीतरी बोलायला गेलो, तेवढ्यात त्या दुसऱ्या रांगेतल्या बाई मागे वळून त्यांना म्हणाल्या, “लिहा हो तुम्ही. फक्त वर पाठवायच्या आधी झेरॉक्स काढून ठेवा.”